दोन परदेशी भाषा एका वेळी शिकताना: पुण्यातल्या नवशिक्यांसाठी

पुण्यात नव्या बॅचेस सुरू व्हायच्या दिवसांत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "जर्मनचं ए-वन चालू आहे, सोबत जॅपनीजही लावू का?" (ए-वन म्हणजे सगळ्यात पहिली पातळी.) विचारणारे कधी इंजिनिअरिंगची मुलं असतात, कधी हिंजवडी नाहीतर चाकणला नोकरी करणारे, कधी मुलं मोठी झाल्यावर स्वतःसाठी वेळ काढणाऱ्या गृहिणी. घरच्यांचा सल्ला ठरलेला असतो: एक धड होऊ दे, मग दुसरीचं बघ.

मला विचाराल तर दोन भाषा जरूर लावा, पण दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही भाषा एकदम शून्यापासून सुरू करू नका. एक कायम पुढे असू द्या. आणि दोन्ही भाषा इंग्रजीतून न शिकता मराठीतून समजून घ्या. दुसऱ्या गोष्टीकडे पुण्यातले बहुतेक विद्यार्थी लक्षच देत नाहीत, म्हणून तिच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

पहिली पायरी: जोडी ठरवा

एकमेकींपासून लांबच्या भाषा सोबत शिकायला सोप्या जातात आणि जवळच्या अवघड. ऐकायला हे उलटं वाटतं, पण अनुभव हाच आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश दोन्ही लॅटिनमधून आलेल्या, म्हणून "एक आली की दुसरी फुकट" असं लोक म्हणतात. एक चांगली पक्की असेल तर ते बऱ्याच अंशी खरं आहे. दोन्ही कच्च्या असतील तर मात्र सतत गल्लत होते. दूध फ्रेंचमध्ये पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. मिठाचं तसंच आणि नाकाचंही तसंच. स्पॅनिशमधलं 'एन्तेन्देर' म्हणजे समजणं, तर त्याच घराण्यातलं फ्रेंच 'आंतांद्र' म्हणजे ऐकू येणं. असे शब्द एका महिन्यात दोन्हीकडून आले की कुठला कुठचा हे सांगता येत नाही. म्हणून ही जोडी हवी असेल तर पहिली भाषा बी-वन या तिसऱ्या पातळीपर्यंत नेल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

जर्मन आणि जपानी ही पुण्यात सगळ्यात जास्त मागितली जाणारी जोडी, आणि सुदैवाने ती चांगलीही आहे. लिपी वेगळी, शब्द वेगळे, वाक्याची बांधणी वेगळी. गोंधळाला जागा कमी. फ्रेंच-जपानी किंवा स्पॅनिश-जर्मनही जमतं.

कारणही आधीच ठरवून टाका. जर्मनीत एमएस करायचं आहे की जपानी कंपनीसोबत काम करायचं आहे, की दोन्ही नुसत्या आवडीसाठी? आवड हे पुरेसं कारण आहे, त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका. फक्त कोणती भाषा मुख्य आणि कोणती जोडीची हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. परीक्षेच्या आधी किंवा ऑफिसच्या गडबडीत एकीला बाजूला ठेवायची वेळ येतेच, तेव्हा कुठली बाजूला ठेवायची हे नव्याने ठरवावं लागू नये.

दुसरी पायरी: पहिली भाषा पुढे न्या

पुढे म्हणजे किती? ए-टू पूर्ण आणि बी-वनला सुरुवात, असं मी सांगते. ए-वन ते सी-टू ही पातळ्यांची युरोपीय चौकट 2001 मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज पुण्यातल्या जर्मन-फ्रेंच-स्पॅनिशच्या जवळपास सगळ्या वर्गांत तीच चालते. पण सर्टिफिकेटपेक्षा एक घरगुती कसोटी जास्त उपयोगी. काल दिवसभरात काय काय केलं, हे तयारी न करता त्या भाषेत पाच मिनिटं बोलून बघा. चुका झाल्या तरी चालतील. मात्र मधे मधे इंग्रजीचा आधार घ्यावा लागत असेल, तर दुसरी भाषा अजून तीन-चार महिने लांबवा.

याचं कारण असं की पहिल्या काही महिन्यांत प्रत्येक शब्द आठवून आठवून काढावा लागतो. त्याच काळात दुसऱ्या भाषेचे शब्द आत आले की आठवण्याच्या वाटेवर गर्दी होते. जपानीच्या तासाला मराठी किंवा इंग्रजी शब्द फारसे तोंडात येत नाहीत, जर्मन येतात. 'पण' म्हणायचं असतं आणि जर्मन 'आबर' निघून जातं, 'हो'साठी जपानी 'हाय'च्या जागी जर्मन 'या' येतं. हे सगळ्यांचं होतं, त्याला घाबरू नका. नंतर शिकलेल्या भाषा डोक्यात एकमेकींच्या शेजारी राहतात आणि शेजारीण आधी धावून येते. पहिली भाषा सवयीची झाली की हे आपोआप कमी होतं.

अकरावी-बारावीला मार्कांसाठी जर्मन किंवा फ्रेंच घेतलेली मुलं पुण्यात पुष्कळ आहेत. "सगळं विसरलो" असं ती म्हणतात, पण व्याकरणाचा सांगाडा शाबूत असतो. बोलण्याची सवय कधी झालेलीच नसते. तुमचं तसं असेल तर नवी भाषा सुरू करण्याआधी दोन महिने जुनी उजळा. जुनं पुस्तक काढा, रोज एक पान मोठ्याने वाचा, आणि प्लेसमेंट टेस्ट देऊन वरच्या बॅचमध्ये बसता येतं का ते विचारा. पुन्हा 'माझं नाव अमुक'पासून सुरुवात करायची बहुतेकांना गरज नसते.

तिसरी पायरी: मराठीला मधे बसवा

वर्गात इंग्रजी चालते, पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत असतात, म्हणून आपण वहीतही इंग्रजीतच अर्थ लिहितो. इथेच आपण हातातलं सोडून देतो. जर्मन आणि जपानी, दोन्हींचं अर्धं व्याकरण मराठी माणसाला लहानपणापासून येत असतं, फक्त ते तसं कुणी दाखवलेलं नसतं.

जर्मन घ्या. तीन लिंगं: डेर, डी, दास. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हा छळ वाटतो. आपण रोज तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल म्हणतो आणि का म्हणून विचारत नाही. लिंगं जुळणार नाहीत हे खरं (जर्मनमध्ये खुर्ची आणि टेबल दोन्ही पुल्लिंगी आहेत), पण निर्जीव वस्तूला लिंग असतं आणि ते पाठच करायचं असतं, ही गोष्ट आपल्याला पटवावी लागत नाही.

विभक्ती म्हटलं की मुलं दचकतात. पण 'मला ते पुस्तक आवडतं' हे वाक्य बघा. इंग्रजीत आवडणारा कर्ता होतो. मराठीत पुस्तक कर्ता आणि मी 'मला'. जर्मनमध्येही अगदी तसंच: 'दास बूख गफेल्ट मिअर', त्यातला 'मिअर' म्हणजे आपला 'मला'. 'मला थंडी वाजते' तिथेही 'मला'नेच होतं. स्पॅनिशमध्ये तर आणखी गंमत आहे, एक पुस्तक आवडलं तर 'मे गुस्ता', अनेक आवडली तर 'मे गुस्तान', म्हणजे 'आवडतं' आणि 'आवडतात'. हा धडा इंग्रजीतून समजायला आठवडा जातो. मराठीतून पाच मिनिटं पुरतात.

आकडेही बघा. जर्मनमध्ये पंचवीस म्हणताना आधी पाच, मग वीस. सगळे तक्रार करतात की उलटं बोलावं लागतं. आपण तरी काय करतो? पंच-वीस. जोडवाक्यात क्रियापद शेवटी जातं तेव्हाही तेच: 'कारण मी घरी जातो' मध्ये 'जातो' शेवटी, जर्मन 'वाइल'च्या (म्हणजे 'कारण'च्या) वाक्यातही शेवटी. उच्चारात सुद्धा मराठीची मदत आहे. 'चमचा' आणि 'चाक' यांतला जो च, तोच जर्मन 'झेड'चा उच्चार, आणि तोच जपानी 'त्सुनामी'तला त्स.

जपानी तर मराठी माणसाला घरची वाटावी इतकी जवळची आहे. क्रियापद शेवटी. नामानंतर प्रत्यय: 'पुण्याला जातो' तसं 'पुणे नी इकिमास'. प्रश्न विचारायला वाक्याच्या शेवटी 'का': 'जाता का?' आणि 'इकिमास का?' 'छान आहे ना?' यातल्या 'ना'चं काम तिथे 'ने' करतो. 'तो येतो म्हणाला' अशी दुसऱ्याचं बोलणं आधी आणि 'म्हणाला' नंतर ही रचनाही तिथे जशीच्या तशी.

पण खरा खजिना आहे तो क्रियापदाच्या '-ऊन' या प्रत्ययामध्ये. 'घरी जाऊन जेवतो' मधलं 'जाऊन' म्हणजे जपानीतलं ते-रूप, ज्यासाठी पुस्तकं अख्खी प्रकरणं खर्च करतात. पुढची जोड क्रियापदं तर थक्क करतात. 'खाऊन बघ' हे 'ताबेते मिते', आणि त्यातला 'मि' म्हणजे बघणंच. 'करून ठेव' हे 'शिते ओइते', त्यातलं 'ओइते' हे 'ओकु'चं रूप आणि 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'खाऊन टाकलं' याला 'ताबेते शिमात्ता'. इंग्रजीत यांचं भाषांतर करायला तीन-तीन वाक्यं लागतात आणि तरी छटा हाती लागत नाही. ही रूपं येतील तेव्हा वहीत समोर फक्त मराठी लिहा, इंग्रजी अर्थ खोडून टाका.

जपानी मुळाक्षरांचा क्रमही बघून घ्या: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध ग्रंथांसोबत सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानात गेला, त्याची ही खूण. बाराखडी पाठ असलेल्याला हा तक्ता दोन दिवसांत लागतो.

मराठी कुठे कमी पडते तेही सांगायला हवं. जपानी उच्चार देवनागरीत लिहायची सवय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोडा. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि मधला 'आ' दुप्पट लांबवला की आजी. हा फरक आपल्या काना-मात्रांत नीट बसत नाही, आणि इकारातलं ऱ्हस्व-दीर्घ आपण बोलताना पाळतच नाही. फ्रेंचमध्ये लिहिलेलं आणि बोललेलं इतकं वेगळं असतं की देवनागरीची कुबडी लागली तर स्पेलिंग कधीच बसत नाही. जर्मन आणि फ्रेंच या दोन्हींतला ठिपकेवाला किंवा साधा दिसणारा तो 'यु' मराठीत नाही. ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवा आणि आतून 'ई' म्हणा. एका भाषेत तो जमला की दुसरीत वेगळा शिकावा लागत नाही.

चौथी पायरी: वेळेचा हिशोब

जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशोबाने जर्मन ए-वनला 45 मिनिटांचे 80 ते 200 पाठ लागतात, आणि शून्यापासून बी-वनपर्यंत 350 ते 650. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना स्पॅनिशसाठी सुमारे 600 ते 750 तास आणि जपानीसाठी सुमारे 2200 तास धरते. आपल्याला जपानीचं व्याकरण हलकं जातं, पण कांजींचं, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांचं, ओझं तेवढंच. जपानी सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीत 2136 कांजी आहेत. म्हणून "सहा महिन्यांत दोन्ही भाषा" अशी जाहिरात दिसली तर पुढे जा.

नोकरी सांभाळून आठवड्याला सात-आठ तास निघत असतील तर वाटणी अशी करा. नव्या भाषेला रोज थोडा वेळ, अर्धा तास पुरे, पण खाडा नको. जुनीला आठवड्यातून दोनदा लांब बैठक. नवशिक्या भाषेला वारंवारता लागते, मुरलेल्या भाषेला निवांतपणा. बरेच जण नेमकं उलट करतात आणि नवी भाषा शनिवार-रविवारवर ढकलतात. मग दर शनिवारी मागचंच शिकायची वेळ येते.

दोन्हींना क्लास लावायचा का? पहिल्या वर्षी नव्या भाषेला क्लास हवाच, उच्चार कुणीतरी कानाला धरून सुधारावे लागतात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मनसाठी बोट क्लब रोडचं मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियॉन्स फ्रान्सेज, जपानीसाठी टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. खासगी क्लासेस तर पेठांपासून पिंपरीपर्यंत आहेत. निवडताना बॅचमध्ये किती जण आहेत आणि प्रत्येकाला दर तासाला किती बोलायला मिळतं एवढं विचारा. एक डेमो तास बसून बघा. आणि घर ते क्लास अंतर! कोथरूडहून खराडीला संध्याकाळी सहाला पोहोचायचं असेल, तर ती बॅच पावसाळ्यात सुटणार.

पाचवी पायरी: दोघींना वेगळं ठेवा

एकाच टेबलावर, एकाच वहीत, एकामागोमाग दोन्ही भाषा करू नका. सकाळी जपानी, रात्री जर्मन. जपानी घरी, जर्मन ऑफिसच्या बसमध्ये. ठिकाण आणि वेळ वेगळी असली की डोकं त्या त्या भाषेला लवकर लागतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच आठवड्यात दोन्हींमध्ये एकच विषय नको. जर्मनमध्ये भाज्या-फळं चालू असतील तर जपानीत दिशा आणि रस्ते करा. आकडे, वार, रंग, नातीगोती एकदम घेतली की हटकून मिसळतात.

जपानीचा अर्धा तास कसा दिसावा ते सांगते. अप्पा बळवंत चौकातून पहिली-दुसरीच्या मुलांची गणिताची चौकोनांची वही आणा. पहिली पाच मिनिटं कालच्या पाच कांजी न बघता त्या चौकोनांत लिहायच्या, एका चौकोनात एक, रेघांचा क्रम पाळून. चुकलेली तिथेच पुन्हा तीनदा. पुढची दहा मिनिटं नवा धडा: वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मोठ्याने म्हणायचं, समोर मराठी लिहायचं. मग त्याच साच्यात स्वतःची तीन वाक्यं, खऱ्या आयुष्यातली. 'तानाका सान कंपनीत जातात' लिहून काही होत नाही. 'आई दळण घेऊन आली' लिहा, ते लक्षात राहतं. शेवटची दहा मिनिटं कार्डं.

कार्डांबद्दल दोन शब्द. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विसरण्याचा अभ्यास मांडला. नवं शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग वेग मंदावतो. म्हणून उजळणी वाढत्या अंतराने करायची. 1972 मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी त्यासाठी पाच कप्प्यांच्या खोक्याची पद्धत सुचवली: आलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं ते परत पहिल्यात. बुटाचं रिकामं खोकं त्याला पुरतं. मोबाइलवर करायचं तर अंकी हे अ‍ॅप आहे, पण दोन भाषांचे गठ्ठे वेगळे ठेवा आणि जर्मन नामाचं कार्ड कधीही डेर-डी-दासशिवाय करू नका.

आठवड्यातून एकदा मात्र दोघींना मुद्दाम समोरासमोर आणा. एकाच चित्राचं वर्णन आधी एका भाषेत, मग लगेच दुसरीत. हे नवी भाषा साधारण चार महिन्यांची झाल्यावर सुरू करा. अदलाबदल करण्याची ताकद वेगळी कमवावी लागते, आणि नोकरीत तीच लागते: सकाळी स्टुटगार्टचा कॉल, दुपारी नागोयाचा. क्लासला जाताना शेवटची दहा मिनिटं त्याच भाषेतलं काहीतरी ऐकत गेलात तर तासाला दुसरीचे शब्द कमी घुसतात.

ऐकण्यासाठी पुण्यात वातावरण आहे. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात युरोप-जपानचे सिनेमे मोठ्या पडद्यावर बघता येतात. सबटायटल असली तरी कान उघडे ठेवा.

सहावी पायरी: परीक्षा

जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. पुणे हे त्याचं केंद्र आहे. एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात वरची. अर्ज काही महिने आधी भरायचा असतो, तेव्हा तारखांवर नजर ठेवा. एन-फाइव्हला 180 पैकी 80 गुण लागतात, शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण हवेत. या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत. एन-फोर होऊनही तोंड न उघडणारे पुष्कळ भेटतात, म्हणून बोलण्याचा सराव परीक्षेच्या भरवशावर सोडू नका.

गोएथेच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं चारही असतात आणि पास व्हायला 60 टक्के लागतात. फ्रेंचच्या डेल्फ या परीक्षेला 100 पैकी 50, आणि चारपैकी प्रत्येक भागात 25 पैकी किमान 5.

दोन भाषांच्या परीक्षांत किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवा. डिसेंबरला जेएलपीटी दिलीत तर जर्मन मार्च-एप्रिलला. परीक्षेआधीचे सहा आठवडे सगळा वेळ त्याच भाषेला द्या. दुसरी तोवर जिवंत ठेवायला आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं पुरतात. त्यात नवीन काही शिकू नका. आधी वाचलेलं मोठ्याने वाचा, कार्डं फिरवा, ओळखीचं काहीतरी ऐका. परीक्षा झाली की पहिल्या आठवड्यात त्या भाषेच्या बॅचला परत जा, आणि तिथे काय झालंय ते एखाद्या वर्गमैत्रिणीकडून आधीच विचारून ठेवा.